कीर्तनात हात वर होतात, पण हळदीला डीजे लागतोच. तुमच्या गावात काय अनुभव?

बालाघाटची लेक

धारूर तालुक्यातलं डोंगरपट्ट्यातलं आमचं गाव. निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येतं. म्हणून आमचा अखंड हरिनाम सप्ताह हनुमान जयंतीला धरलेला. तोवर टोळ्या घरी आलेल्या असतात. काकडा, पारायण, हरिपाठ, रात्रीचं कीर्तन, शेवटी काला, सगळं रीतीप्रमाणं झालं. पण यंदाच्या एका कीर्तनाबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

महाराजांनी तुकोबांचा 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' हा अभंग सेवेला घेतला. पैसा कसा कमवावा एवढं सांगून बहुतेक जण हा अभंग संपवतात. हे महाराज पाऊण तास दुसऱ्या अर्ध्यावरच थांबले. कमावलेलं खर्च करताना मनात काय असतं? गरज, की पाव्हण्यांत खाली मान घालावी लागू नये ही धास्ती? मग त्यांनी टाळ थांबवले आणि मंडपाला विचारलं, "यंदा मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली त्यातली बी-बियाण्याला कुणाची गेली, हात वर करा." थोडे हात आले. "दवाखान्याला?" आणखी थोडे. "लग्नातल्या फेट्याला, ड्रोनला, हळदीच्या डीजेला?" आधी कुणीच हललं नाही. मग बायकांच्या बाजूनं एका म्हातारीनं हात वर केला, आणि तिच्या मागं हळूहळू कितीतरी. ती म्हातारी माझ्या ओळखीची. नातीच्या लग्नाची उचल फेडायला सत्तरीच्या आसपासच्या वयात ती टोळीबरोबर गेली होती, कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, लेकरं सांभाळायला.

महाराजांनी पुढं तुकोबांच्या खतांची, म्हणजे कर्जाच्या कागदांची, गोष्ट सांगितली. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात लोक देशोधडीला लागले, तेव्हा घरच्या सावकारीची आपल्या वाट्याची खतं तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. भावाच्या वाट्याची त्याला ठेवली, आपली बुडवली. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण महाराज म्हणाले ते मी पहिल्यांदा ऐकलं: इथं सोडलं कुणी? घेणाऱ्यानं नाही, देणाऱ्यानं सोडलं. ज्याच्या हातात होतं त्यानं आधी हात उघडला.

पुढच्या रांगेत गावातली सगळी मोठी घरं बसलेली होती. आणि मंडपाच्या कमानीवर फ्लेक्स होता मोबाईल-फर्निचरच्या एका दुकानाचा, 'शून्य टक्के व्याज, शून्य डाऊन पेमेंट'. त्या दिवशीची पंगत त्या दुकानाची होती.

कीर्तन झाल्यावर लोक खरोखर हलले होते. आठवडाभरानं त्याच हात वर करणाऱ्यांपैकी एका घरी हळद होती, आणि मंदिराच्या मागच्या गल्लीत रात्री उशिरापर्यंत डीजे दणाणत होता. त्या घराला मी नावं ठेवत नाही. एकट्या बापानं ठरवून डीजे आणला नाही, तर व्याही म्हणतात हात आखडला, आणि ते पोरीला पुढं वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. मन बदललं तरी एकटं घर या खर्चातून बाहेर पडू शकत नाही, असं माझं मत होत चाललंय. मग सगळं गाव एका मंडपात बसलेलं असतं त्याच वेळी सगळ्यांनी मिळून काही का ठरवू नये?

तुमच्याकडं कीर्तनकार, स्वामीजी, भंतेजी, मौलाना, कुणी या विषयावर बोललं असेल तर ते काय बोलले आणि मागं काय उरलं ते लिहा. कुणाचा धर्म मोठा हा वाद या धाग्यावर नको.

रोखठोक माजलगाव

ताई, कळकळ पटली. पण एक प्रश्न विचारतोच. लोकांना साधं राहा म्हणणाऱ्याची बिदागी किती, तो कोणत्या गाडीतून उतरला, त्याच्या घरच्या लग्नात काय झालं, हे लोक बघतात. आमच्या भागात तारीख मिळवायला वर्ष-वर्ष आधी पाकीट ठरतं, आणि ते पाकीट गावाच्या वर्गणीतूनच जातं. ज्याच्या घरी पिठाला पैसे नाहीत तोही वर्गणी देतो, कारण यादी भोंग्यावरून वाचतात.

गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) हेच बोलायचे. कर्ज काढून सण करू नका, लग्नात उधळू नका, लेकरांना शाळेत घाला. त्यांचं लोकांनी का ऐकलं? गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे. पायाला हात लावू द्यायचे नाहीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबईत धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्यांत स्वतःसाठी खोली ठेवली नाही. आणि त्याच्याही आधी, संसारात असताना, लेकीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत घालायची भावकीची रीत त्यांनी स्वतःच्या दारात मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. आधी मोडलं, मग बोलले. आज मला तसा माणूस व्यासपीठावर दिसत नाही, म्हणून मी कीर्तनाला जायचं सोडलं.

बालाघाटची लेक

रोखठोक दादा, हे खरंय, आणि वर्गणीची यादी भोंग्यावर वाचणं तर बंदच व्हायला पाहिजे. आमच्याकडं आलेले महाराज एस.टी.नं आले होते, देतील ते घेऊन गेले, हेही सांगायला हवं. असे अजून आहेत. त्यांची नावं फ्लेक्सवर बारीक असतात एवढंच.

लातूरकर

आमच्या घरी कपिलधारच्या पायी दिंडीची परंपरा आहे. कार्तिकात लातूर-नांदेडकडनं लिंगायत समाजाच्या दिंड्या मांजरसुंब्याजवळ मन्मथस्वामींच्या समाधीला जातात. वाटेतल्या मुक्कामांवर स्वामीजींचं प्रवचन असतं, आणि त्यात कायक आणि दासोह या दोन गोष्टी सुटत नाहीत. आपल्या कष्टाचं कमवायचं, लागेल तेवढं वापरायचं, उरलेलं समाजाच्या ताटात घालायचं.

एका मुक्कामी आयदक्की लक्कम्माची कथा ऐकली, ती सांगतो. बाराव्या शतकातलं कल्याण, म्हणजे आपल्या उमरग्याच्या पलीकडचं बसवकल्याण. लक्कम्माचा नवरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचा, त्यावर दोघांचा संसार आणि दासोह चालायचा. एक दिवस तो रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. लक्कम्मानं ते घरात घेतले नाहीत. ही आस राजाला असते, शिवभक्ताला कशाला, जिथून आणले तिथं ठेवून या, म्हणाली.

ही कथा ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. लक्कम्मा गरीब होती, तरी जास्तीचं परत पाठवायचा अधिकार तिच्याकडं होता. आमच्या घरात काय आणायचं आणि काय परत पाठवायचं हे ठरवायला किती बायांना विचारतात? आम्ही दिंडीहून आलो आणि महिन्याभरात थोरल्या बंधूंनी जुनी गाडी बरी चालत असताना नवी मोठी गाडी काढली, हप्त्यावर. वहिनी नको म्हणत होत्या. त्यांचं कुणीच ऐकलं नाही.

तेरणाई

लातूरकर दादा, तुम्ही माझ्या मनातलं बोललात, म्हणून पहिल्यांदाच इथं लिहिते.

मी सप्ताहात हरिपाठाला रोज जाते. चंगळवादावरची कीर्तनं खूप ऐकली. त्यातलं निम्मं कीर्तन बायकांच्या साड्या, ब्यूटी पार्लर आणि मोबाईल यावर असतं. पुरुष हसतात, बायकाही पदर तोंडाला लावून हसतात. मी हसत नाही. माझ्या घरचा हिशेब मी ठेवते. पार्लरला वर्षाला जातं त्याच्या कितीतरी पट घरच्या पुरुषांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर, केकवर, ढाब्यावर जातं. पाव्हण्यांच्या लग्नात आहेर किती न्यायचा, ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा घ्यायचा, बंगल्यापुढं कमान बांधायची का, यातलं काही मी ठरवलेलं नाही. कर्जाच्या कागदावर अंगठा मात्र माझा, कारण बचत गटाचं आणि मायक्रोफायनान्सचं कर्ज बाईच्याच नावावर मिळतं. आठवड्याला हप्ता न्यायला माणूस येतो तेव्हा दारात मीच उभी असते.

कीर्तनकारांनी बायकांना सांगावं, जरूर सांगावं. पण एकदा तरी मंडपातल्या पुरुषांना विचारावं, की घरातल्या बाईच्या नावावर काढलेला पैसा कुठं गेला?

पतपेढी परभणी

मी पतसंस्थेत कर्जविभागाला आहे. ताईंनी कमानीवरच्या 'शून्य टक्के'चं लिहिलंय, त्यावर थोडं बोलतो, कारण आमच्या मोंढ्यातल्या लोकांनाही हे समजावून सांगता सांगता मी थकतो.

समजा मोबाईल रोखीनं २२,५०० ला मिळतो. हप्त्यावर घेतला की तोच २४,०००, चार हजाराचे सहा हप्ते, पहिला जागेवरच, वर ८०० रुपये फाईल चार्ज. म्हणजे दुकानातून निघताना तुम्ही ४,८०० देता. तुम्हाला खरं कर्ज मिळालं १७,७०० चं, आणि पुढच्या पाच महिन्यांत तुम्ही फेडता २०,०००. याचा दर काढला तर महिन्याला चार टक्क्यांच्या वर जातो, वर्षाला पन्नासच्या घरात. कागदावर व्याज शून्यच असतं. ते रोखीची सूट आणि फाईल चार्ज यांच्यात विरघळवलेलं असतं.

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, अशा योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या नावाखाली ग्राहकावरच टाकलं जातं. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला एक मुख्य तथ्य विवरण द्यावं लागतं, कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करायच्या आधी तेवढा एक कागद मागा आणि त्यातला तो एक आकडा वाचा. रोखीचा भाव किती, हेही आधी विचारून घ्या.

मला वाटतं कीर्तनकारांनी हे मंडपात सांगावं. वैराग्य सगळ्यांना झेपत नाही, पण हिशेब सगळ्यांना कळतो. गाव मनानं जागं असतं अशी ती वेळ असते.

मोतीबागकर

सलाम. मी जालन्याचा. आमच्याकडं जुम्याच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, हा विषय वारंवार येतो, खास करून शाबान महिन्यात, लग्नसराई असते तेव्हा. ज्या निकाहात खर्चाचं ओझं कमी त्यात बरकत जास्त, ही हदीस तर लहान पोरालाही पाठ झालीय. निकाह मशिदीत करा, मुलीवाल्यांवर जेवणाचा बोजा टाकू नका, जहेज (हुंडा) मागू नका. २०१८ च्या फेब्रुवारीत औरंगाबादजवळ लिंबेजळगावला मोठा इज्तेमा (धार्मिक मेळावा) झाला, त्यात मैदानातच सामुदायिक निकाह लागले. माझ्या नात्यातल्या लोकांनी तिथं दुआ मागताना रडून कबूल केलं होतं, की घरच्या शादीत फिजूलखर्ची करणार नाही.

फरक पडला का? पडला, अर्धा. आता आमच्या मोहल्ल्यात निकाह मशिदीत होतो, खजूर वाटतात, दहा मिनिटांत मोकळे. तेवढं काम उलेमांनी खरोखर करून दाखवलं. पण त्यानंतर संध्याकाळी मुलीवालेच मंगल कार्यालय घेतात आणि हजार माणसांचं जेवण देतात. बोलायला त्याला दावत म्हणायचं. मुलाकडचे म्हणतात आम्ही काही मागितलं नाही. मागितलं नाही हे खरं, आणि नको असंही म्हटलं नाही.

तुकोबांची खतांची गोष्ट वाचून मला हेच दिसलं. ज्याच्या हातात आहे त्यानं सोडायचं. मुलाच्या बापानं पत्रिका छापायच्या आधी मुलीच्या बापाकडं जाऊन, चार माणसांसमोर, मला जेवण नको असं सांगायचं. एका बुजुर्गांनी आमच्याकडं केलं असं. त्यानंतर त्या गल्लीतल्या तीन-चार घरांना मोकळं वाटलं आणि त्यांनीही केलं.

कयाधू काठ

सगळ्यांचं वाचलं. मी बौद्ध कुटुंबातला, हिंगोली जिल्ह्यातला. आमच्याकडं वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामात, भंतेजींची प्रवचनं होतात. मला त्यांतली दोन भावली. एक, गृहस्थानं कमाईचे चार भाग करावेत असा सिगाल नावाच्या तरुणाला केलेला उपदेश: एक भाग सुखानं खावा, दोन धंद्या-कामात घालावेत, चौथा अडचणीसाठी राखावा. दुसरं, बुद्धांनी अनाथपिंडिकाला सांगितलेली गृहस्थाची चार सुखं. आपल्याकडं असण्याचं सुख, ते उपभोगण्याचं सुख, कुणाचं देणं नसल्याचं सुख आणि निर्दोष वागण्याचं सुख. उपभोग यात पाप म्हणून नाही, सुख म्हणून आहे. पण देणं नसणं हेही त्याच्या शेजारी सुख म्हणूनच ठेवलंय.

आता एक गोष्ट सगळ्यांनी समजून घ्यावी अशी विनंती आहे. माझ्या पणजीला पायात वहाण घालून गावातून जाता येत नव्हतं. चांगलं लुगडं नेसलं तर बोलणी खावी लागत. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, की जातीची खूण सांगणारे ते दागिने टाका, लुगडं वरच्या जातीतल्या बायकांसारखं नेसा, स्वच्छ राहा. आमच्या घरात चांगला कपडा हा चंगळ म्हणून आलेला नाही, तो माणूसपण म्हणून आला. आजही आमच्या वस्तीतल्या पोरानं वाढदिवसाला बॅनर लावला, तर त्यात थोडं 'आम्हीही आहोत' असतं. तेव्हा पिढ्यान् पिढ्या सगळं मिळालेल्यांनी व्यासपीठावरून 'साधं राहा' म्हटलं, की आमच्या लोकांना ते टोचतं. साधेपणा आमच्यावर लादलेला होता.

याचा अर्थ कर्ज काढून डीजे लावावा असा नाही. जयंतीची वर्गणी अभ्यासिकेला वळवा, हे भंतेजी सांगतात, आणि आमच्या वस्तीनं ते ऐकलंही. अभ्यासिका चालू आहे, पोरं रात्री बारापर्यंत बसतात.

बालाघाटची लेक

कयाधू दादा, तुम्ही हे लिहिलंत म्हणून धागा काढल्याचं सार्थक झालं. आमच्या कीर्तनात मागच्या बाजूला कोण बसतं आणि पुढच्या रांगेत कोण, हे मी रोज बघते. साधेपणाची सुरुवात पुढच्या रांगेपासून व्हायला हवी, हे तुमचं वाचल्यावर मला आणखी ठाम वाटतंय.

गेवराईचा पोरगा

मोठ्यांनो, माझंबी ऐका. वय सत्तावीस, चार एकर कोरडवाहू, कापूस आन् सोयाबीन. कीर्तनात आमच्या पिढीवर लई बोलतात, मोबाईल, टकाटक कपडे, गाडी. मोबाईलवरच मी बाजारभाव बघतो, पीकविम्याचा फॉर्म भरतो, २०२५ च्या सप्टेंबरात रान पाण्याखाली गेलं तवा पंचनाम्याचे फोटो त्यातूनच काढले. ती काय चैन नव्हं.

पण लग्नाचं म्हणाल तर आमची गत वेगळीय. शेती करणाऱ्या पोराला पोरगी कुणी द्यायला तयार नाही. बघायला पाव्हणे येतात ते आधी घराला फरशी हाय का बघतात, दारात चारचाकी हाय का बघतात. माझ्या मित्रानं निव्वळ बघायच्या कार्यक्रमासाठी हप्त्यावर जुनी गाडी आणून दारात लावली. लग्न जमलं, आता हप्ते चालू हाईत. त्याला चंगळवादी म्हणू नका. तो घाबरलेला हाय.

पोरीच्या बापाचं तरी काय चुकलं? कापसाच्या भरवशावर लेक कशी द्यायची हा त्याचा प्रश्न खराय. महाराजांनी यावर बोलावं. शेतात राबणाऱ्या पोराला लेक द्या असं एकदा भर मंडपात म्हणावं, आन् पयली सोयरीक तिथंच जुळवावी.

लातूरकर

गेवराईचे भाऊ, शंभर टक्के. आमच्या दिंडीत यंदा स्वामीजींपुढं हा विषय मी मांडणार आहे. दिंडीत तालुक्या-तालुक्यातली कुटुंबं आठवडाभर एकत्र चालतात, ओळखी होतात. सोयरीक जुळवायला याहून चांगली जागा कुठली?

रोखठोक माजलगाव

पतपेढीवाल्या सरांचा हिशेब मी छापून आमच्या पारावर चिकटवला. लोक थांबून वाचत होते. एक जण म्हणाला हे सप्ताहात का सांगत नाहीत. सराला बेटच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाची आठवण निघाली त्यावरून. तिथं गावागावांतून भाकरी गोळा होते आणि लाखोंची पंगत आमटी-भाकरीवर उठते. मोठा-लहान एकाच मातीत बसून तेच खातो. तसं जेवण लग्नात ठेवायला लाज का वाटते, यावर पारावर बराच वेळ बोलणं चाललं होतं.

बालाघाटची लेक

इकडं झालं ते कळवते. भजनी मंडळ आणि आमच्या बचत गटांनी मिळून मारुतीच्या देवळात बैठक घेतली. तेरणाई ताईंचा प्रतिसाद मी तिथं वाचून दाखवला (त्यांचं नाव न घेता), आणि पुरुष मंडळी बराच वेळ गप्प होती. मग बोलणं मोकळं झालं.

ठरलं ते असं. हळदीला डीजे नाही, हलगी-सनई किंवा भजन. फेटे नवरदेवाला आणि दोन्ही बापांना, बाकी टोपी-टॉवेलही नाही. आहेर घ्यायचा नाही, हे पत्रिकेवर छापायचं, म्हणजे आणणाऱ्यालाही संकोच नको. गटाचं कर्ज आधी दवाखाना, शिक्षण, शेतीला. लग्नाला मागितलं तर नवरा-बायको दोघांनी बैठकीत येऊन मागायचं. आणि मोतीबागकर भाईंचं वाचून एक ओळ वाढवली, की मुलाकडच्यांनी जेवणाचा निम्मा खर्च उचलायचा आणि तसं साखरपुड्यातच सर्वांसमोर बोलायचं.

सर्वांत जास्त वाद झाला तो पहिलं लग्न कुणाचं, यावर. गरिबाच्या घरी आधी लागू केलं तर लोक म्हणणार ऐपत नव्हती म्हणून केलं. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका घरानं, ज्यांच्याकडं वैशाखात मुलाचं लग्न आहे, तयारी दाखवली. आजीबाई आहेत त्या घरात, त्यांनीच पोराला उठवून बोलायला लावलं. डीजेची सुपारी दिलेली होती ती त्यांनी परत घेतली, दिलेले पैसे बुडाले तरी.

गेवराईचा पोरगा

ताई, तो ठराव हितं टाका की. आमचा सप्ताह श्रावणात हाय. तुळशीच्या लग्नानंतर सराई चालू व्हायच्या आत गावापुढं ठेवता येईल.

बालाघाटची लेक

टाकते भाऊ, सह्या झाल्या की फोटो न काढता मजकूर टाइप करूनच टाकते, कारण त्यावर लोकांची नावं आहेत. कमानीवर दुकानाची जाहिरात घ्यायची की नाही, हा मुद्दा मी मांडला होता. त्यावर एकमत झालं नाही. पंगतीचा खर्च मग कुणी द्यायचा, हा प्रश्न आला. भाकरी घरोघरच्या आणि आमटी देवळाची, असं मी सुचवलंय. पुढच्या एकादशीला त्यावर बसणार आहोत. पतपेढीचे सर, तुम्हाला त्या दिवशी परभणीहून यायला जमलं तर अर्धा तास तुमच्या हिशेबाला ठेवते.

पतपेढी परभणी

येतो. फळा आणि खडू तेवढा ठेवा.